चिमणीचा नट्टापट्टा

आमच्या ह्यांच्या सदऱ्याला वरचं बटण नाही. आज नाही असं नव्हे, कधीच नसतं. मी दिवसभर मशीनवर बसून लोकांच्या कपड्यांना काज-बटण करते आणि माझ्याच घरचा माणूस गळ्याशी सताड उघडा हिंडतो. "काढून द्या, आत्ता लावून देते," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उद्या." केस कापायला न्यायचं तर हाताला धरून न्यावं लागतं, आणि न्हाव्याने कात्री खाली ठेवेपर्यंत दारात उभं राहावं लागतं. नाहीतर हे अर्ध्या डोक्याने परत येतील. असा हा माणूस घोडीच्या पापणीवर धुळीचा कण दिसला, तर हातातला घास ताटात टाकून उठतो.

हे मोतद्दार आहेत. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, धुणं, खूर साफ करणं, सगळं ह्यांच्याकडे. आणि प्रदर्शन जवळ आलं की घोडं असं तयार करायचं, की रिंगणाभोवती उभ्या असलेल्या लोकांनी आपापल्या बुटांकडे बघून हळूच पाय मागे घ्यावेत. या कामात ह्यांचा हात धरणारा आमच्या गावात कुणी नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मला सांगायचं असतं तर मी वेगळंच काहीतरी सांगितलं असतं.

आमच्या दोन खोल्या तबेल्याच्या आवारातच आहेत, फाटकाला लागून. पुढच्या खोलीत माझं मशीन. मशीनसमोरच्या खिडकीतून तबेल्याचं सगळं अंगण दिसतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी शिवता शिवता एकच दृश्य बघत आले आहे, ते म्हणजे माझा नवरा दुसऱ्याच कुणाचे तरी केस विंचरतो आहे.

ती दुसरी म्हणजे चिमणी. नावावर जाऊ नका. जन्मली तेव्हा म्हणे एवढीशी होती, धड उभीही राहत नव्हती. ह्यांनी तिला बाटलीने दूध पाजलं, चिमणी चिमणी करत वाढवलं, आणि पुढे ती वाढायचं थांबायलाच विसरली. आता दारात येऊन उभी राहिली की आमच्या खोलीत दिवा लावावा लागतो. रंगाने पांढरीशुभ्र. पांढऱ्या घोडीइतकी डोक्याला ताप देणारी वस्तू जगात दुसरी नसेल. दिवसभर तिला धुवावं, पुसावं, आणि झोपायची वेळ आली की बाईसाहेबांनी एवढी कोरडी, स्वच्छ जागा सोडून नेमकं आपल्याच लिदीवर अंग टाकावं. सकाळी उठतात त्या मागच्या बाजूला हा एवढा पिवळा डाग घेऊन. तो डाग काढण्यापायी माझ्या घरातली नीळ, लिंबं आणि जुने पंचे कधी संपतात ते मला कळतसुद्धा नाही.

खरारा करताना ह्यांना बघावं. ब्रश अंगावरून एकदा लांब फिरवायचा आणि डाव्या हातातल्या लोखंडी फणीवर एकदा घासायचा, फर्र आणि खस्स, फर्र आणि खस्स. माझं मशीन कधी कधी आपोआप त्याच ठेक्यात चालायला लागतं. मग डोळे पुसायला एक फडकं, नाकपुड्यांना दुसरं, शेपटीखाली तिसरं, आणि ह्यातलं इकडचं तिकडे झालं तर घरात दोन दिवस अबोला. शेपटीला फणी लावायची नाही. केस तुटतात. बोटांनी एकेक केस सोडवत बसायचं. माझ्या केसांत एकदा दोरा अडकून गुंता झाला होता, तेव्हा ह्याच गृहस्थांनी मान वर न करता सल्ला दिला होता, "कापून टाक."

मी चिमणीला सवत म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

तर हे सगळं असं सुखासमाधानात चाललं होतं, आणि एके दिवशी मालकीणबाई आमच्याकडे आल्या. तबेला त्यांचाच. स्वभावाने फार चांगल्या, आणि घोड्यावर बसणं हा त्यांचा जीव की प्राण. पण गेल्या वर्षापासून त्यांच्या कमरेने पार असहकार पुकारला होता. खुर्चीत बसतानासुद्धा त्या आधी खुर्चीची समजूत काढत. त्या दिवशी बसल्या, चहा घेतला आणि कपातच बघत म्हणाल्या,

"मला आता खोगिरावर बसवत नाही हो. चिमणी नुसती उभी राहून कंटाळते. तरणीताठी आहे, तिला काम पाहिजे, पळायला पाहिजे. या प्रदर्शनाला बाहेरचे बरेच लोक येतात. कुणाच्या मनात भरली आणि माणूस चांगला वाटला, तर देऊन टाकू."

मीच विचारलं, "आणि नाही भरली कुणाच्या मनात तर?"

"नाही तर नाही. मी काही दारोदार विचारत फिरणार नाही. राहील इथेच, माझ्याबरोबर म्हातारी होईल."

हे म्हणाले, "बरं." ह्यांच्या 'बरं'मध्ये फार प्रकार आहेत, पण हा मी पहिल्यांदाच ऐकला. बाई गेल्यावर हे कितीतरी वेळ रिकामा कप घेऊन बसले होते. मी काढून घेतला तेव्हा कळलं की कपाला कान आहे हेही विसरून नुसता धरला होता, आणि बोटं लाल झाली होती.

मग एकदम म्हणाले, "ह्या वेळेला मी तिला नीट तयार नाही करणार."

"म्हणजे?"

"म्हणजे जाईल तशी जाईल. मळकी, अजागळ. कोण घेतंय बघू."

मला हसू आवरेना. "तुम्ही? तुम्ही तिला मळकी नेणार?"

"का? मला काय, मळवता येत नाही?"

"सदरा येतो मळवता. घोडी जमायची नाही."

ह्यांना राग आला. पण तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, जमेलही. काम बिघडवायला असं काय लागतं? माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना तर शिकवावंसुद्धा लागत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घोडीला साबण लावून अंघोळ घालायची असते. चिमणीने आपलं काम चोख केलं होतं. मागच्या उजव्या अंगावर ताटाएवढा पिवळाजर्द डाग. हे सकाळी गेले, डाग पाहिला, मला खिडकीत बघून मोठ्या विजयाने मान हलवली, आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले. मी मशीन चालू केलं. एका पोलक्याची एक बाही झाली. वर पाहिलं तर हे उठून डागाच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसले होते. दुसरी बाही झाली. हे चिमणीकडे पाठ करून भिंतीकडे बघत होते. गळा लावायला घेतला, तेवढ्यात नळ सुटल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहते तर बादली सुलटी, बाह्या वर, साबणाचा फेस कोपरापर्यंत.

"अहो, हे काय?"

"अगं, तिला खाज सुटेल. डागासाठी नाही धुत, खाजेसाठी धुतोय."

"मग त्या पाण्यात नीळ कशाला?"

ह्यांनी पाण्याकडे असं पाहिलं, की जणू नीळ स्वतःच्या पायांनी चालत येऊन बादलीत उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेण्यांचं काम. आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घालायच्या, प्रत्येक वेणी खालून वर गुंडाळून गोंड्यासारखी करायची आणि सुईदोऱ्याने टाके घालून मानेवर पक्की करायची. मानेच्या कडेने एका ओळीत सगळे गोंडे सारखे बसले, की साध्या घोडीची मानही राणीसारखी दिसायला लागते. दोरा अर्थातच माझ्या डब्यातला. आजवर हे न विचारता न्यायचे. त्या दिवशी मीच आपण होऊन पुढे केला.

आता हा दोरा कोणता, ते सांगते. खिडकीत एक पांढरं रीळ उन्हात पडून पडून कुजलं होतं. नुसतं ओढलं तरी तुटायचं. मी ते फेकलं नव्हतं, कारण मी काहीच फेकत नाही. माझा हिशोब सोपा होता. हे वेण्या नेहमीसारख्या सुंदर घालतील, ह्यांचं समाधान होईल. रिंगणात चिमणीने दोनदा मान झटकली की टाके तुटतील, वेण्या सुटून लोंबायला लागतील, आणि ती झोपेतून उठून आल्यासारखी दिसेल. कुणाच्या जिवाला धक्का नाही, आणि घोडी घरी.

ह्यांनी दोरा घेतला, हातभर तोडला आणि सवयीने कानाजवळ नेऊन टचकन ओढला. तुटला. दुसरा तोडला, ओढला. तुटला. मग माझ्याकडे बघितलं.

"हा कुजलाय."

"असेल बाई."

"तुला कळलं नाही?"

"मला शिवणातलं काय कळतं?" मी म्हटलं.

आमच्या दोघांच्या मधे चिमणी उभी होती, आणि दोघांकडे आळीपाळीने कान फिरवत होती. मग ह्यांनी मान खाली घातली आणि तोच दोरा सुईत ओवला. म्हटलं, जमलं; एवढ्या जन्मात ह्या माणसाने पहिल्यांदा जाणूनबुजून खराब काम हातात घेतलं. मी आत जाऊन डबा भरला. परत आले तेव्हा मान जवळजवळ पूर्ण झाली होती, आणि गोंडे काय दिसत होते म्हणून सांगू! मी सहज एक गोंडा चिमटीत धरून ओढून पाहिला. हलेना. जवळ जाऊन बघितलं. ह्यांनी तो कुजका दोरा दुपदरी केला होता, मग चौपदरी, मग त्याला मेण लावून पीळ दिला होता. त्या टाक्यांवर बैलगाडी ओढता आली असती.

"अहो!"

"दोरा तूच दिलास ना? तोच वापरलाय," हे म्हणाले, आणि पुढच्या वेणीला लागले.

प्रदर्शनाचं मैदान आमच्यापासून चालत जाण्यासारखं. चिमणीला झूल घालून, पायांना पट्ट्या बांधून आम्ही तिला चालवतच नेलं. हे पुढे, घोडी मधे, मागे मी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात डबा. मैदानावर घोडीच घोडी. प्रत्येकाच्या भोवती कुणीतरी वाकलेलं, कुणी खुरांना तेल लावतंय, कुणी नाकपुड्यांवर तेलाचं बोट फिरवतंय. लग्नघरातल्या खोलीत नवरीभोवती असते तशी गडबड, फक्त इथे नवऱ्या हिरवं गवत खात होत्या.

ह्यांनी झूल काढली आणि चौकटी काढायला घेतल्या. ही ह्यांची खासियत. घोडीच्या मागच्या गोल भागावर ओलं फडकं फिरवायचं, मग बोटभर फणी घेऊन एक चौकोन केसांच्या दिशेने, शेजारचा चौकोन आडवा विंचरायचा. उन्हात उभं केलं की बुद्धिबळाचा पट चमकावा तशा चौकटी चमकतात. रंग नाही, काही नाही, नुसते केसच. शेवटची चौकट काढून हे दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक करून बघितलं, आणि एकदम भानावर आले. चेहरा असा झाला, की मला वाईटही वाटलं आणि दोन फटके द्यावेसेही वाटले.

"हे काय करून बसलो गं मी?"

"जे रोज करता तेच."

"माझ्याच्याने नाही होत. हात ऐकत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू कर काहीतरी. मी चहाला जातो. मी बघणार नाही."

"काय करू?"

"काहीही कर. पण तिला दुखेल असं नको."

हे गेले. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मूठभर ओलं गवत उपटलं. खरं सांगते, माझाही हात धजेना. मीही कारागीर आहे. दुसऱ्याच्या तयार कामाला डाग लावणं म्हणजे काय ते मला कळतं. पण रोज सकाळी हे अंगणात येऊन चिमणीच्या रिकाम्या जागेसमोर उभे राहणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि मी डोळे मिटून ते गवत त्या चौकटींवर चांगलं रगडलं. हिरवागार पट्टा. चिमणीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिने पहिल्यांदाच मनाला लावून घेतलं असं मला वाटलं.

हे लांबूनच येताना थबकले. तेवढ्या अंतरावरून त्यांना आमच्या घराचं दारसुद्धा दिसत नाही, पण डाग दिसला. मग मुद्दाम फेरा घालून चिमणीच्या दुसऱ्या बाजूने आले.

"झालं?"

"झालं."

"फार आहे का?"

"तुम्ही बघू नका."

"नाहीच बघत," हे म्हणाले, आणि लगाम धरून समोर आकाशाकडे बघत चालायला लागले.

रिंगणाच्या फाटकाशी रांग होती. पुढे एक काळा घोडा, त्याच्या पुढे एक तांबडी घोडी. हे ताठ उभे. नजर सरळ. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते, म्हणून मला दिसलं. ह्यांचा डावा हात लगामावर होता, आणि उजवा हात आपला हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, खिशात चालला होता. खिशातून ओलं फडकं निघालं. मी कुंपणावरून ओरडले, "अहो, हात! हात बघा!"

"काय झालं हाताला?" हे म्हणाले. ते अजूनही आकाशाकडेच बघत होते. आणि हात मागे जाऊन पुसत होता. काळा घोडा आत गेला, तोवर हिरवा पट्टा नाहीसा झाला होता. फाटक उघडेपर्यंत कुठूनशी फणी निघाली, आणि आत पाऊल टाकता टाकता शेवटची चौकट आडवी विंचरून झाली होती. मी कपाळाला हात लावला.

मग जे व्हायचं तेच झालं. परीक्षक म्हणून एक मिशीवाले गृहस्थ होते. खिशातून पांढरा रुमाल काढून ते प्रत्येक घोड्याच्या अंगावर उलट्या दिशेने फिरवत आणि रुमाल बघत. बाकीच्यांच्या वेळी रुमाल झटकला. चिमणीवरून फिरवला, बघितला आणि घडी करून तसाच खिशात ठेवला. तिला चालवायला सांगितलं. काय चालली! ह्यांच्या खांद्याला खांदा लावून, ह्यांचं पाऊल पडेल तिथे तिचं पाऊल. सदऱ्याला बटण नसलेला, पाय थोडा ओढत चालणारा माझा नवरा तिच्या शेजारी मला इतका देखणा दिसला, की मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "ते आमचे हे."

पहिला नंबर. लगामाला फीत बांधली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे तोंडभर हसत बाहेर आले, मला बघितलं, आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

फितीमागोमाग हिरव्या टोपीवाल्या एक बाई आल्या. दूरच्या गावात त्यांचा तबेला होता, मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. मी त्यांच्यात खोट काढायला डोळ्यांत तेल घालून बसले होते. पण बाई आल्या त्या आधी चिमणीला हात हुंगायला दिला, मग मानेला लावला, मग पाय चाचपले, आणि सगळ्यात शेवटी तिथेच आलेल्या मालकीणबाईंशी बोलल्या. काही काढता येईना. मग ह्यांना विचारलं, "लाथा झाडते का?"

मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. फार काही नको होतं. नुसतं "कधीमधी" एवढं म्हणायचं होतं.

"लाथ? ही?" ह्यांना हा प्रश्नच सहन झाला नाही. "ताई, हिच्या पायाखाली मांजर व्यालं होतं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत हिने पाय जपून टाकला." आणि मग जे सुरू झाले! मी दुसरा चिमटा काढला, तिसरा काढला. ती चावत नाही, ती दचकत नाही, ढग गडगडले तरी खाणं सोडत नाही, ताप आला की आपण होऊन डोकं छातीला लावते. एरवी ज्या माणसाच्या तोंडून दिवसभरात चार शब्द काढायचे तर पक्कड लागते, तो माणूस आपल्याच घोडीच्या गुणांचा पाढा असा वाचत होता, की मलासुद्धा ती विकत घ्यावीशी वाटली.

"काहीच खोड नाही?" हिरव्या टोपीच्या बाईंनी हसून विचारलं.

"एक आहे. लिदीवर झोपते," हे म्हणाले. मला जरा आशा वाटली. तर लगेच पुढे, "पण डाग जातो. नीळ अगदी थोडी टाकायची. सांगतो कसं ते."

व्यवहार तिथेच ठरला. बाईंची घोडी न्यायची गाडी मैदानावरच उभी होती, मागे उतरत्या फळीची. वेण्या ठेवून घोडं गाडीतून नेत नाहीत, मान ओढली जाते. म्हणून आधी त्या उसवायच्या होत्या. माझी छोटी कात्री घेऊन आम्ही दोघे दोन बाजूंनी बसलो. चौपदरी टाके तुटता तुटेनात. ह्यांनी घाई केली नाही आणि मीही केली नाही. उसवलेली आयाळ कुरळी होऊन मानेवर पसरली, आणि ह्यांनी ती बोटांनी सारखी केली.

मग चिमणीला फळीजवळ नेलं आणि ती अडली. जन्मात गाडीत चढलेली नव्हती. चारही पाय रोवून उभी. गाडीवानाने दोर ओढला, नाही. गाजर दाखवलं, मान लांब करून गाजर खाल्लं आणि पाय तिथेच. दोघांनी मागून हात लावून रेटलं, तर ती मागे वळून बघायला लागली, कोण आहे म्हणून. मी मनात म्हणत होते, शाबास गं बाई माझी, अशीच राहा. हे लांब उभे होते, दोन्ही हात काखेत दाबून. या वेळी हात बरोबर जागी होते.

अर्धी दुपार तशीच गेली. शेवटी हिरव्या टोपीच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या. मी मारून-मुटकून जनावर नेत नाही. तिला यायचंच नसेल तर नको."

मालकीणबाईंचा चेहरासुद्धा उजळल्यासारखा वाटला. "मग राहू दे इथेच. काय हो?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी बोलायची गरजच नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं. मी बादली उचलली, झूल खांद्यावर टाकली. माझ्या मनाने आम्ही अर्ध्या वाटेला पोचलोसुद्धा होतो. तेवढ्यात गाडीवान दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला,

"नुसता नट्टापट्टा. वळण काही लावलेलं नाही घोडीला."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दमला होता बिचारा. पण मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मला तिथल्या तिथे कळलं की चिमणी गेली. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या. अहो, ऐका." हात काखेतून सुटले होते. हे पुढे झाले, गाडीवानाच्या हातून दोर घेतला, चिमणीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोर सैल सोडून, अंगणातून पाण्याच्या हौदाकडे जावं तसे सरळ फळी चढून गेले. आणि ती मागोमाग. खट्, खट्, खट्, चारही खूर फळीवर, एकदाही न थांबता, नाक ह्यांच्या पाठीला टेकवून आत.

आत बराच वेळ लागला. फळी वर घेतली गेली, मग पुढच्या छोट्या दारातून हे उतरले. गाडीवानासमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "वळण आहे तिला."

"आहे की हो," गाडीवान ओशाळून म्हणाला.

गाडी गेली. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि आमची समजूत घालायला म्हणाल्या, लेक सासरी गेली असं समजायचं. मला ते मुळीच पटलं नाही. लेक सासरी गेली तर फोन करते. सासूच्या चहाड्या सांगते. सणावाराला येऊन आपल्याच कपाटातल्या साड्या घेऊन जाते. ही कशी सांगणार, की मला आज खरारा नीट केला नाही म्हणून?

आम्ही घराकडे निघालो. हे पुढे, मी मागे, मधे मोकळी जागा. बरंच चालल्यावर हे थांबले आणि माझी वाट बघितली. मी जवळ आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अजून तो अभिमान होता. गाडीवानाला उत्तर दिल्याचा.

"एका दमात चढली. पाहिलंस ना? एकदासुद्धा अडली नाही."

"पाहिलं," मी म्हटलं. "तुम्ही पुढे होतात म्हणून चढली."

मी ते कौतुकानेच म्हटलं होतं. पण हे माझ्याकडे बघतच राहिले. मग रस्त्याच्या कडेला एका घराची पायरी होती, तिच्यावर बसले आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंड उघडून रडायला लागले. मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.